कॉलेजात असताना दोघांनी मिळून बायबल अभ्यास: कसा करावा, किती करावा, की करूच नये?

शांतवेळ
सर्वांना सलाम.

मी पुण्यात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, तो इंजिनिअरिंगला. ओळख कॉलेजातल्या प्रार्थना गटात झाली आणि गेल्या पावसाळ्यात आम्ही एकमेकांना होकार दिला. लग्नाचा विचार दोघांच्याही मनात पक्का आहे, पण नोकऱ्या लागल्यानंतर. माझ्या आईला सगळं माहीत आहे, पप्पांना अजून सांगायचं आहे. त्याच्या घरी सगळ्यांना माहीत आहे.

आम्हाला एकत्र बायबल अभ्यास करायचा आहे. सध्या जे चालतं त्याला मी अभ्यास म्हणणार नाही. ॲपवरचं आजचं वचन उघडतो, एकजण वाचतो, दुसरा ‘किती छान आहे ना’ म्हणतो आणि मग सबमिशनवर गप्पा सुरू होतात. मी नगरकडची, मराठी माध्यमातली, आजीच्या मांडीवर पवित्र शास्त्र ऐकत वाढलेली. तो मिरजेचा पण इंग्रजी माध्यमाचा, त्याचं सगळं वाचन इंग्रजीत. कोणतं पुस्तक घ्यावं, कसं वाचावं, दोघांनीच बसावं की गटात, आणि बसायचं तरी कुठे, सगळंच विचारायचं आहे.

आणखी एक. माझी रूममेटही विश्वासू आहे. ती म्हणाली, ‘लग्नाआधी दोघांनी मिळून प्रार्थना आणि वचन नको. त्यातली जवळीक सगळ्यात खोल असते, आणि नातं मोडलं तर माणूस नुसता मुलाला मुकत नाही.’ तिचं बोलणं डोक्यातून जात नाहीये. अनुभवी लोकांनी मोकळेपणाने लिहावं.

तिसरा_बाक
गणना पुस्तकापासून सुरू करा. कुळांच्या याद्या दोघांनी न जांभई देता वाचल्या तर पाळकसाहेब बिनधास्त लग्नाचे पुकार वाचतील.

नगरची_लेक
तिसऱ्या बाकावर बसणारे कायम असेच असतात, संडे स्कूलमध्ये फार वर्षं बघितलेत. :)

बाळा, आधी पुस्तकाचं. मार्क घ्या. सोळाच अध्याय आहेत, गोष्ट भराभर पुढे सरकते, आणि आठव्या अध्यायात येशू शिष्यांना ‘तुम्ही मला कोण म्हणता?’ असं विचारतो तिथे पुस्तक मधोमध वळतं. त्याआधी ‘हा कोण?’ आणि त्यानंतर ‘हा कुठे निघालाय?’ एवढे दोन प्रश्न मनात धरून बसलात तरी एक सेमिस्टर पुरेल. एका बैठकीत अख्खा अध्याय संपवायचा हट्ट नको. एक प्रसंग घ्या, तो दोनदा मोठ्याने वाचा. एकदा मराठीत तू, एकदा इंग्रजीत तो.

लग्न, प्रेम, जोडीदार या विषयांवरची वचनं शोधून त्यांच्यापासून सुरुवात करू नका. तरुण संघातल्या मुलामुलींना मी हे नेहमी सांगते. दोघं स्वतःला शोधायला बसलात तर पानापानावर तुम्हीच दिसाल, आणि ज्याच्यासाठी पुस्तक उघडलं तो राहील बाजूला.

मिरजवाला
ताईंना अनुमोदन. आपल्या प्रत्येक लग्नपत्रिकेवर, प्रत्येक स्टेटसवर यिर्मया 29:11 असतं. ‘तुमच्याविषयी माझ्या मनात जे संकल्प आहेत’ वगैरे. त्याच्या आधीचं 10 वं वचन किती जण वाचतात? बाबेलात सत्तर वर्षं भरल्यावर, असं लिहिलंय तिथे. हे पत्र बंदिवासात नेलेल्या लोकांना आहे. ज्यांनी ते पहिल्यांदा ऐकलं त्यातले बरेचजण परतीचा दिवस बघायला उरणारच नव्हते. त्यांना देव सांगतो, घरं बांधा, बागा लावा, लग्नं करा, ज्या शहरात आहात त्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. पूर्ण अध्याय वाचला की वचन मोठं होतं. आमची जोडी जुळणार का, एवढ्याशा प्रश्नात ते मावत नाही.

वसईची_बाय
रूथचंही तेच. ‘तू जाशील तेथे मी येईन’ हे नवरा-नवरीचं वचन समजून कार्डावर छापतात. ते सुनेने सासूला म्हटलंय! नवरे दोघींचेही गेलेले, हाताशी काही नाही, आणि ही मवाबी पोर नामीला सोडायला तयार नाही. ते वाक्य त्या वाटेवर ठेवून वाचलं की अंगावर काटा येतो.

मार्क झाल्यावर रूथ नक्की घ्या. चारच अध्याय आहेत. बवाज बोलतो कसा, वागतो कसा ते बघा. ती परक्या देशातली, गरीब, एकटी, शेतात सरवा वेचणारी. तो गड्यांना बजावतो की तिला हात लावायचा नाही, मुद्दाम कणसं टाकत जा. खळ्यावरच्या रात्रीही तिच्या नावाला बट्टा लागू नये म्हणून उजाडायच्या आत तिला घरी पाठवतो, आणि पाठवताना तिच्या चादरीत सहा मापं सातू देतो. मुलांनी हे वाचायला हवं.

काका_कॅम्पातले
मला थोडं वेगळं वाटतं, राग मानू नये.

अभ्यासाला माझा विरोध नाही. पण वडिलांना सांगायच्या आधी दोघांनी बायबल घेऊन कोपऱ्यात बसणं मला पटत नाही. आधी वडिलांना सांगा, मग पाळकसाहेबांना सांगा, मग बसा. दुसरं असं की मुलगा उद्या कुटुंबाचा मस्तक होणार आहे (इफिस 5:23), तेव्हा अभ्यास त्याने चालवावा, त्याला आतापासून सवय लागेल.

पाळकांचा_धाकटा
काका, वडिलांबद्दलचा तुमचा मुद्दा शंभर टक्के मान्य. मस्तकाबद्दल नम्रपणे असहमत. ते वचन नवरा-बायकोला उद्देशून आहे, ही दोघं अजून ते नाहीत. आणि त्याच्या दोन वचनं आधी, 5:21 मध्ये, एकमेकांच्या अधीन राहायला सांगितलं आहे. त्याने चालवायचं आणि तिने मान डोलवायची, असं झालं तर त्यालाही काही मिळणार नाही. शिवाय पोस्ट वाचून मला तरी वाटतं की मराठी शास्त्रात ती त्याच्यापेक्षा पुढे आहे.

संत्रानगरी
अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला आठवा. दोघं तंबू शिवणारे, पौल त्यांच्याच घरी राहून काम करत होता. अपुल्लोससारख्या वक्त्याला त्यांनी घरी नेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावला, दोघांनी मिळून (प्रे. कृत्ये 18). रोमकरांस पत्रात (16:3) पौल सलाम पाठवतो तेव्हा तिचं नाव आधी घेतो.

आमच्या गटात साधी पद्धत आहे. युनियन ऑफ इव्हँजेलिकल स्टुडंट्स, म्हणजे आपली ई.यू., 1954 पासून देशभर कॉलेजांत छोट्या गटांतून बायबल अभ्यास चालवते, आम्हीही तिथेच शिकलो. उतारा ठरवायचा. प्रत्येकाने आधी एकट्याने वाचून यायचं. वहीत पहिल्यांदा फक्त काय दिसतं ते लिहायचं: कोण, कुठे, कोणाला, काय म्हणाला, कोणता शब्द पुन्हा आला. मत नाही, शिकवण नाही, निव्वळ निरीक्षण. मग अर्थ. मग या आठवड्यात मी काय करणार ते. पहिल्या टप्प्याला लोक फार घाई करतात. अर्धा वेळ तिथेच गेला पाहिजे. एका आठवड्याला एकाने प्रश्न काढायचे, दुसऱ्या आठवड्याला दुसऱ्याने. काकांचा आणि धाकट्याचा वाद त्यात आपोआप मिटतो.

काका_कॅम्पातले
आळीपाळीने प्रश्न काढावेत, हे मला मान्य आहे. वडिलांना सांगण्याबाबत मी माघार घेणार नाही.

दोन_वह्या
मी इथे फक्त वाचत असते, आज लिहिते.

रूममेट म्हणाली ते माझ्या बाबतीत घडलं. आम्ही दोघं मुंबईत शिकत होतो. रोज रात्री फोनवर अध्याय वाचायचा आणि प्रार्थना करून फोन ठेवायचा. प्रेम खरं होतं, विश्वासही खरा होता. नोकरीनंतर दोन्ही घरांचं जुळलं नाही आणि आम्ही समजून-उमजून वेगळे झालो. त्यानंतर कित्येक महिने स्तोत्रं उघडली की त्याचाच आवाज कानात यायचा. 23 वं स्तोत्र मला वाचताच यायचं नाही. रविवारी उपासनेला जायचे, पाळकांनी वाचायला सुरुवात केली की बाहेर व्हरांड्यात येऊन उभी राहायचे.

त्यातून बाहेर कशी आले ते सांगते, कारण तेच या मुलीच्या कामाचं आहे. मंडळीत आमच्या शेजारच्या बाकावर एक वयस्क बाई बसायच्या, पूर्वी बायबलबाई म्हणून गावोगाव फिरलेल्या. त्यांनी काही विचारलं नाही. म्हणाल्या, ‘माझे डोळे गेलेत, तू मला शनिवारी वाचून दाखवशील का?’ मी विलापगीत वाचलं, मग ईयोब वाचला. त्यांना सगळं पाठ होतं, मी चुकले की पुढचे शब्द त्याच सांगायच्या. तिथे मला माझं वाचन परत मिळालं.

म्हणून, ताई, त्याच्याबरोबर जरूर बस. पण सकाळची तुझी एकटीची वेळ त्याला देऊ नकोस. तुझी वही वेगळी, त्याची वेगळी. आणि तुझी अशी एखादी बाई शोध, जिच्यासमोर तू त्याच्याशिवाय बसतेस. उद्या लग्न झालं तरी ती लागेल.

नगरची_लेक
लेकरा, लिहिलंस फार बरं केलंस. त्या बाईंसाठी देवाचे आभार.

शांतवेळ
दोन_वह्या, तुमचं वाचून रडले. रूममेटलाही वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘मला हेच म्हणायचं होतं, मला नीट सांगता आलं नाही.’ सकाळची वेळ एकटीची, हे आजपासून पक्कं.

केडगावची
वेगळं वाचण्यावरून एक जुनी गोष्ट. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा आणि लक्ष्मीबाईंचा 1900 चा. मधली पाच वर्षं ती बाई आपल्या मनाने, आपल्या वेगाने, रडत-भांडत-विचार करत चालली. जातिभेदाविषयीचा तिचा निर्णय तिने स्वतः घेतला, विश्वासाचाही स्वतः घेतला. नवरा एवढा मोठा कवी आणि उपदेशक, पण तिची वाट त्याला तिच्या वतीने चालता आली नाही. आपण त्या दोघांची गाणी उपासनेत म्हणतो. जोडप्यांनी त्यांच्यातली ही पाच वर्षंही लक्षात ठेवावीत.

आणि आमच्या गावचं सांगितल्याशिवाय कशी राहू! पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशनमध्ये बसून मूळ हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं. साध्या बायकांना कळावं म्हणून. छपाईलाही मिशनमधल्याच बायका आणि मुली. 1922 मध्ये बाई गेल्या, पुस्तक 1924 मध्ये पुरं बाहेर आलं. दोघांना कधी रविवार मोकळा मिळाला तर दौंडच्या गाडीने केडगावला उतरा आणि ती जागा बघून जा.

तिसरा_बाक
पहिली डेट: दौंड पॅसेंजर. मला पटलंय, खरंच.

ग्रीक_गिरवतोय
मराठी-इंग्रजीचा प्रश्न मागे पडला, म्हणून. (मी पुण्यातच धर्मशास्त्र शिकतोय.)

दोन भाषांत वाचणं हा तुमच्यासाठी फायदा आहे. यूव्हर्जन ॲपवर बायबल सोसायटीचं पवित्र शास्त्रही आहे आणि समकालीन आवृत्तीही. त्याला समकालीन मराठी सोपी जाईल, तुला आजीची भाषा हवी असेल. जिथे दोन्हींत फरक दिसेल तिथे थांबा आणि मागचे-पुढचे उतारे वाचून बघा. पण अभ्यासाच्या वेळी छापील पुस्तकच घ्या. फोनवर मेसेज येतात, आणि वचन मागच्या-पुढच्यापासून तुटून एकटं समोर येतं. मिरजवाल्यांनी यिर्मयाबद्दल लिहिलं तो घोळ बराचसा त्यातूनच होतो.

पहिल्या करिंथकरांस पत्राच्या 13 व्या अध्यायाबद्दलही तेच सांगेन. पौल तो 12 आणि 14 यांच्या मध्ये लिहितो, आणि त्या दोन्हींत विषय आहे मंडळीतली भांडणं: कोणाचं कृपादान मोठं, सभेत आधी कोणी बोलायचं. ‘प्रीती सहनशील आहे’ हे भांडणाऱ्या मंडळीला सुनावलेलं आहे. तुमचं पहिलं भांडण होईल त्या आठवड्यात तो अध्याय वाचा. मात्र प्रत्येकाने स्वतःसाठी वाचायचा, दुसऱ्याला ऐकवायला नाही.

पाळकांचा_धाकटा
हे अधोरेखित करतो. वचन एकमेकांवर फेकायचं नाही. मी पाळकांच्या घरात वाढलोय, किती जोडपी बाबांकडे यायची. नवरा इफिस 5 काढायचा, बायको पहिलं पेत्र 3 मधलं सातवं वचन काढायची (नवऱ्यांनी बायकांना मान द्यावा, ते), आणि दोघांचंही आपापलं वचन तोंडपाठ. बाबा दोघांची पुस्तकं मिटायला लावायचे, चहा मागवायचे, आणि मग विचारायचे, ‘आता तुमच्या शब्दांत सांगा, काय झालं?’

गोदाकाठ
गीतरत्न, ते प्रेमगीतांचं पुस्तक? कोणीच नाव काढलं नाही. धाडस करून विचारतोय. ते पुस्तकही बायबलमध्येच आहे ना.

काका_कॅम्पातले
लग्नानंतर.

वसईची_बाय
काकांशी पहिल्यांदाच सहमत. :) पुस्तक सुंदर आहे, त्याची लाज वाटायचं काही कारण नाही. ज्याने त्याने आपापल्या वेळी वाचावं. पण दोघांनी एकत्र संध्याकाळी वाचायला ते नको. त्या पुस्तकातच तीनदा (2:7, 3:5, 8:4) बजावलं आहे की प्रेमाला त्याची वेळ येईपर्यंत जागं करू नका. पुस्तक स्वतःच थांबायला सांगतं.

संत्रानगरी
जागेचाही यातच विचार करावा. रूमवर नको, रात्री उशिरा नको. कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये चारनंतर गर्दी ओसरते, तिथे दोन वह्या आणि दोन कटिंग एवढ्यावर कोणी उठवत नाही. किंवा पाळकसाहेबांना सांगून चर्चचा व्हरांडा. लोक येता-जाता बघतात, विचारतात, आणि तेच बरं असतं.

वसईची_बाय
माझी गोष्ट राहिली. मी कॅथलिक, नवरा सी.एन.आय.चा (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे प्रोटेस्टंट). ओळख झाली तेव्हा दोघं कॉलेजात. पहिल्याच दिवशी भांडण: माझ्या बायबलमध्ये 73 पुस्तकं, त्याच्या 66. तो म्हणे तुमची जास्त, मी म्हणे तुमची हरवली.

मार्ग असा काढला की येत्या रविवारी मिस्सेत (आमच्या उपासनेत) जे उतारे वाचले जाणार तेच गुरुवारी बसून वाचायचे. आमच्याकडे रविवारच्या वाचनांचं तीन वर्षांचं चक्र असतं: एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक. योहान मध्ये-मध्ये येतो, पास्काच्या (ईस्टरच्या) काळात तर जास्तच. कोणाच्या आवडीचा उतारा, यावर वादच नाही, जो आला तो वाचायचा. अवघड आला तरी तोच. त्याच्या मंडळीतही वाचनांची यादी होती, पुष्कळदा जुळायची. ज्यांना कोणतं पुस्तक घ्यावं ते ठरवता येत नाही त्यांनी हे करून पाहावं.

लग्नाच्या आधल्या आठवड्यात त्याने स्वतःहून विचारलं, ‘तुमच्या जास्तीच्या पुस्तकांतलं एक दाखव.’ मी तोबित उघडलं. आठव्या अध्यायात तोबिया आणि सारा लग्नाच्या रात्री उठून उभे राहतात, एकत्र प्रार्थना करतात, आणि दोघं मिळून आमेन म्हणतात. सारा आधी सात नवऱ्यांच्या मरणातून गेलेली, घरातल्या दासींच्या टोमण्यांनी पिचलेली. तिच्या बाजूला उभं राहून तो देवाला म्हणतो की आम्हा दोघांना एकत्र म्हातारं होऊ दे. त्याने वाचून पुस्तक मिटलं नाही, बराच वेळ बोट तिथेच ठेवून बसला. आमची वरात झाली तेव्हा ती प्रार्थना आम्ही दोघांनी वाचली.

मिरजवाला
मी प्रोटेस्टंट, कधी उघडलं नव्हतं. आज रात्री वाचतो.

दुबईहून_दादा
लांब असलेल्यांसाठी लिहितो. ती नाशिकला, मी इथे. इथल्या मराठी सहभागितेत दर आठवड्याला एक उतारा असतो, तोच तिला पाठवतो. ती आपली टिपणं आवाजी मेसेजने पाठवते, मी कामावरून परतताना बसमध्ये ऐकतो आणि माझी पाठवतो. व्हिडिओ कॉलवर आम्ही वाचत नाही. तिथे एकमेकांचे चेहरे बघायचे असतात, उताऱ्याकडे कोणाचंच लक्ष राहत नाही. एकमेकांची टिपणं ऐकून मग रविवारी बोलायचं. असं केल्यापासून मला तिची विचार करायची पद्धत कळायला लागली. ती कोणत्या शब्दापाशी थांबते, कशाने तिला राग येतो. नुसत्या गप्पांत हे एवढं कळलं नसतं.

शांतवेळ
सगळ्यांचे मनापासून आभार. बरेच दिवस लिहिता आलं नाही, परीक्षा होत्या.

पप्पांना सांगितलं. काकांचा मुद्दा मनात रुतला होता. पप्पांचा पहिला प्रश्न, ‘कोणत्या मंडळीचा?’ आजीचा त्याच्याही पुढचा, ‘मूळचे कोणत्या मिशनचे?’ जुन्या मिशनांच्या मंडळ्या एक होऊन 1970 मध्ये सी.एन.आय. झाली, त्याला इतकी वर्षं झाली, तरी आमच्याकडे अमेरिकन मिशन की एस.पी.जी. (इंग्लंडचं अँग्लिकन मिशन), हे विचारल्याशिवाय चहा मिळत नाही. पण मग पप्पांनी त्याच्याशी फोनवर बोलणं केलं आणि शेवटी विचारलं, ‘सध्या काय वाचता?’ तो म्हणाला मार्क. पप्पा म्हणाले, ‘कितवा अध्याय?’ तिथून दोघं जे सुरू झाले ते मी फोन मागितला तेव्हाच थांबले.

आता आमचं असं ठरलंय. शुक्रवारी चार वाजता कॅन्टीन, दोन वह्या. महिन्यातून एकदा ई.यू.च्या एका दादा-वहिनींच्या घरी, तिथे आणखी दोन जोड्या येतात. प्रश्न आळीपाळीने.

पाचव्या अध्यायात आहोत. याईराची मुलगी आणि ती बारा वर्षं रक्तस्रावाने आजारी असलेली बाई. मी वहीत सगळं त्या बाईबद्दल लिहिलं होतं: वैद्यांवर सगळा पैसा गेला, गर्दीतून मागून आली, भीत-कापत पुढे येऊन सगळं खरं सांगितलं. येशूने घाई केली नाही, तिचं पूर्ण ऐकून घेतलं. त्याच्या वहीत याईर होता. तो म्हणाला, ‘हा बाप तिथेच उभा आहे. याची मुलगी मरायला टेकली आहे, आणि येशू थांबून दुसऱ्याच कोणाशी बोलतोय. त्या मिनिटांत याईराच्या मनात काय चाललं असेल?’ मी लहानपणापासून हा उतारा ऐकत आले, पण थांबलेल्या याईराकडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं. मग त्यानेच दाखवलं की मुलगी बारा वर्षांची आहे आणि बाईचं दुखणंही बारा वर्षांचं. एकीचा जन्म झाला त्याच सुमारास दुसरीचं दुखणं सुरू झालं असेल. त्यानंतर तो त्याच्या बाबांच्या आजारपणाबद्दल बोलला. इतक्या महिन्यांत त्याने मला ते कधी सांगितलं नव्हतं.

आता आमचा एक प्रश्न अडलाय, ग्रीक_गिरवतोय किंवा कोणीही सांगा. मेलेली मुलगी उठते तेव्हा येशू निक्षून सांगतो की हे कोणाला कळू देऊ नका (5:43). पण त्याच अध्यायात, 5:19 मध्ये, भुते निघालेल्या माणसाला तो म्हणतो की घरी जा आणि प्रभूने तुझ्यासाठी काय केलं ते सांग. एकाच अध्यायात दोन उलट आज्ञा का?

ग्रीक_गिरवतोय
उत्तम प्रश्न, मार्क वाचणाऱ्याने अडलंच पाहिजे अशा जागी अडलात. जागा बघा. तो माणूस समुद्राच्या पलीकडचा, दकापलीसचा, म्हणजे बहुतेक परराष्ट्रीयांचा मुलूख. तिथे डुकरांचे कळप आहेत, त्यावरूनच कळतं. तिथे ‘मशीहा आला’ म्हणून बंडाच्या तयारीने कोणी गर्दी करणार नाही, आणि तिथल्या लोकांनी येशूला निघून जायला सांगितलंय, म्हणजे सांगायला मागे उरतो तो हाच एक माणूस. गालीलात उलट. तिथे गर्दी आधीच आवरत नाही, आणि चमत्कारांवरून लोक त्याला आपल्याला हवा तसा राजा करायला बघतील. तो कोण आहे हे वधस्तंभाशिवाय कळणार नाही. 9:9 वाचा: मनुष्याचा पुत्र मेलेल्यांतून उठेपर्यंत सांगू नका, अशी तिथे मुदतही घातली आहे.

नगरची_लेक
हे सगळं बरोबरच असेल. पण मला दरवेळी वाटतं की तो त्या पोरीसाठीही म्हणाला. बाहेर रडणारे-हसणारे लोक जमलेत, बातमी फुटली तर सगळं गाव तिला बघायला घरात शिरेल. आणि लगेच पुढे म्हणतो, हिला काहीतरी खायला द्या. शेवटच्या वचनात दोन्ही शेजारी-शेजारी आहेत.

संत्रानगरी
ताई, पण मग ज्या बाईला गर्दीसमोर बोलायला लावलं तिचं काय? तिचंही दुखणं लाजेचं होतं, तिला का नाही लपू दिलं?

दोन_वह्या
मला वाटतं, बारा वर्षं तिला कोणी शिवत नव्हतं. ती बरी झाली हे गावाने तिच्या तोंडून ऐकलं नसतं तर तिला परत घरात कोणी घेतलं नसतं. मुलीला तर घर होतंच, बाप होता.

शांतवेळ
याचा विचारच केला नव्हता. येत्या शुक्रवारी प्रश्न काढायची पाळी माझी आहे, हे दोन्ही घेते आणि दादा-वहिनींच्या गटातही ठेवते. त्याने इथलं सगळं वाचलंय, तो म्हणतोय सहाव्याला घाई नको, पाचवाच अजून एक आठवडा.